भोगवर्धनाहून धबधब्याकडे

मनगटावरचं घड्याळ काढून ठेवा. फोन, चष्मा, चपला आणि बटणाचा शर्टही इथंच राहू द्या. आपण निघालोय तिथं शिवलेला कपडा दिसला, तर रस्त्यावरचं प्रत्येक माणूस वळून बघेल. एक लांब सुती वस्त्र कमरेला नेसा, दुसरं खांद्यावर टाका. पुरुष असाल तर डोक्याला मुंडासं गुंडाळा आणि त्याची गाठ कपाळावर चांगली ठसठशीत बसवा. बाई असाल तर मनगटापासून वर शंखाच्या बांगड्या चढवा, पायांत जाड वाळे घाला. चालताना जड होतील. संध्याकाळपर्यंत सवय होईल.

गाव बदलायचं नाही. उभे आहात तिथंच उभे राहा. भोकरदन, केळना नदीचा काठ. फक्त दोन हजार वर्षं मागं सरका. आता या गावाला भोगवर्धन म्हणतात.

बदल आधी नाकाला कळतो. कुंभारांच्या भट्ट्या रात्रभर धुमसतायत, त्यांचा धूर नदीवर रेंगाळलाय. त्यात शेणसारवणाचा वास आहे, तिळाच्या तेलाचा आहे, आणि एक खारट, कुबट वास, जो समुद्रापासून इतक्या लांब कुठून आला असा प्रश्न पडावा. तो शंखांचा. किनाऱ्यावरून गोण्या भरून आलेले शंख इथं करवतीखाली जातात आणि बांगड्या होऊन बाहेर पडतात. करवतीचा तो करकरीत आवाज दातांत शिरतो. पलीकडच्या ओसरीवर मणी करणारा बसलाय. कमानीचा सामता फिरवत तो अकिकाच्या मण्याला भोक पाडतोय. पाणी टाकतो, फिरवतो, पुन्हा पाणी टाकतो. एका मण्यात त्याचा किती वेळ जातो ते बघायला थांबू नका, मागून बैल येतायत.

सरका बाजूला! प्रतिष्ठानाहून, म्हणजे आपल्या पैठणहून, आलेल्या गाड्या गल्लीत घुसल्यात. कोरडा आख कण्हतोय, गाडीवान ओरडतोय, दोन कुत्री चाकांखाली जाता जाता वाचतायत. विटांच्या भिंती, वर भाजक्या कौलांची छपरं, दारात रांजण. लोक बोलतायत ती प्राकृत. कानाला ओळखीची वाटते, आणि समजली म्हणेपर्यंत निसटून जाते. घाबरू नका. इथं हसण्यावर आणि हातवाऱ्यांवर बरंच निभावतं.

हे तुमचं घर. शेजारी हस्तिदंतावर कोरीव काम करणारा कारागीर राहतो, त्याच्या उंबऱ्यावर कायम पांढरी भुकटी पडलेली असते. आत आज नुसती धांदल आहे. पावसाळा संपलाय. पावसाचे महिने एका जागी राहून वर्षावास करणाऱ्या भिक्खूंचा मुक्काम आता सुटणार, आणि अशा वेळी त्यांना चीवरांसाठी कापड द्यायची रीत आहे. आजीनं कापडाची दोन गाठोडी बांधून ठेवलीत. दिव्यासाठी तेलाचा बुधलाही घेतलाय. ती चार दिवस एकच वाक्य बोलतेय, की हात धुतल्याशिवाय त्या गाठोड्यांना कुणी शिवायचं नाही.

लेकरांना कापडाचं काही नाही. त्यांनी एकच ऐकलंय, की लेण्यांच्या वर नदी डोंगरावरून उडी मारते. थोरली आठ-नऊ वर्षांची, धाकटा पाचाचा. धाकट्यानं चाकांचा मातीचा मेंढा बरोबर घेतलाय. मेंढ्यालाही धबधबा बघायचाय, असं त्याचं म्हणणं आहे.

गाडीत बसा. इथून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत तीन-चार मुक्काम पडतात. वाट नवी नाही. प्रतिष्ठानाहून निघणारे तांडे भोगवर्धनावरून पुढं डोंगर उतरून तापीच्या खोऱ्यात जातात, तिथून कुणी उज्जयिनीला, कुणी भरुकच्छाच्या बंदरावर. काळ्या रानातला चिखल वरून वाळलाय आणि आतून अजून ओला आहे. चाक फसलं की सगळ्यांनी उतरायचं, खांदा लावायचा. दुपारी ऊन असं तापतं की गाडीच्या लाकडाला हात लागत नाही. आश्विनातलं आपल्या मराठवाड्याचं ऊन आहे ते, आणि त्यात दोन हजार वर्षांत काही फरक पडलेला नाही.

भूक लागली असेल. पळसाच्या पानांवर जेवण वाढलंय. भात, कुळथाचं कढण, वर दाट दही. तोंडी लावायला काही तिखट मागाल तर मिऱ्याची आणि पिंपळीची भरड मिळेल. मिरची मागू नका. मिरची अजून दीड हजार वर्षं समुद्रापलीकडेच आहे. बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा यांतलंही काही नाही, म्हणजे तुमची लाडकी शेंगदाण्याची चटणी विसरा. चहा तर नाहीच. लेकरं रडली की त्यांच्या हातावर तीळगुळाचा लाडू ठेवायचा, आणि मोठी माणसं थकली की सातूचं पीठ पाण्यात कालवून प्यायचं. पहिला घोट मातकट लागतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःहून मागाल.

शेवटच्या दिवशी पठार एकदम संपतं. पुढं जमीनच नाही! खाली धुक्यात बुडालेलं खोरं आणि गाड्यांनी उतरायचा घाट. चाकांना ओंडके अडकवून, मागून दोर धरून गाड्या उतरवतात. बैलांच्या नाकपुड्या फुगतात, घामाचा उग्र वास येतो. या वेळी गाडीत कुणी बसत नाही. खाली नदीकाठी मोठं मोकळं रान आहे, तिथं तांडा थांबतो. रात्रभर शेकोट्या पेटत्या ठेवतात, कारण या नदीच्या काठाला वाघ आहे. नदी वाघूर.

सकाळी उठून चालायचंय ते याच नदीच्या पात्रातून, वरच्या अंगाला. बैल आणि गाड्या इथंच राहतील. अंतर फार नाही, पोराला कडेवर घ्यायची वेळ येण्याआधी संपेल एवढंच.

चला. पहिलं पाऊल पाण्यात टाका. थंडगार! रात्रीचा गारवा दगडांत अजून धरलेला आहे. गोट्यांवर शेवाळ आहे, टाच नाही, बोटं रोवून चाला. दोन्ही काठांना गवत कमरेच्या वर गेलंय, त्यात कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे आणि उतारावर सोनकीचा पिवळा रंग. आज या डोंगरावर सगळीकडे माजलेली घाणेरी तुम्हाला इथं दिसणार नाही. तीही परदेशी, तिला यायला अजून अवकाश आहे. साग, सालई, अंजन, पळस उतारावर दाटीवाटीनं उभे आहेत. तुमच्या पुढं दहा-बारा माणसं, मागं तेवढीच. सगळे मोठमोठ्यानं बोलतायत. गप्पांची हौस तर आहेच, शिवाय जंगलातल्या जनावरांना आपण आल्याचं कळावं, हेही आहे.

आजी गाठोडं डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढं आहे. ती इथं लहानपणी आली होती. तेव्हा कातळ खोदायचं काम चालू होतं, असं ती सांगते.

“अजून किती लांब?” धाकट्यानं विचारलं.

हे वाक्य तुम्हाला समजलं. भाषा न येताही समजलं! याला उत्तरही तेच द्यायचं, जे तुमच्या आईवडलांनी तुम्हाला दिलं होतं. आलंच आता, ते वळण गेलं की झालं. आणि वळण गेलं की पुढचं वळण. वाघूर इथं कातळ कापत वळत जाते, त्यामुळं समोर कायम एक भिंत दिसते आणि जवळ गेलं की ती बाजूला सरकते.

थोरली मात्र काही विचारत नाही. ती खाली बघत चाललीय. तिच्याजवळ बसा जरा, तिच्या ओंजळीत काय आहे ते बघा. पात्रातल्या काळ्या दगडाला बारीक बारीक भोकं असतात, ती लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या बुडबुड्यांची. पुढं लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं आणि त्या भोकांत गारगोटी भरली, अकीक भरला. दगड झिजला, आतला खडा सुटला आणि नदीनं तो इथं आणून टाकला. मुलीच्या तळव्यावरचा खडा सुपारीएवढा आहे. बाहेरून खरखरीत, मळकट. ती तो पाण्यात बुडवून उन्हाकडे धरते तेव्हा आत पट्ट्या दिसतात, एक दुधी, एक मधाच्या रंगाची, मग पुन्हा दुधी. गल्लीतला मणीवाला याच जातीच्या दगडावर दिवसभर सामता फिरवतो. तिला हे ठाऊक आहे. तिनं खडा कमरेच्या वस्त्रात खोचला, आणि गाठ घट्ट मारली.

वरून आवाज आला. माकडं! काळ्या तोंडाची वानरं कातळावर ओळीनं बसलीत आणि त्यांची नजर लाडवांच्या पुरचुंडीवर आहे. पुरचुंडी पदराखाली घ्या. धाकट्यानं मेंढा छातीशी धरलाय. वानराला मातीच्या मेंढ्याशी काही देणंघेणं नाही, पण हे त्याला पटवत बसू नका.

आणखी वर बघाल तर कड्याच्या पोटाला काळी पोळी लटकलेली दिसतील. आग्या मोहोळं. इथं कुणी ओरडू नये, धूर करू नये, दगड तर मुळीच भिरकावू नये. मघापासून मोठ्यानं बोलणारी सगळी माणसं एकदम गप्प झाली, ती यासाठी.

आणि गप्प झाल्यामुळंच ऐकू आलं. टक. टक. टक. लोखंडाचा दगडावर पडणारा घाव. कातळात वर कुठंतरी पाथरवट काम करतायत. त्या आवाजाच्या मागं दुसरा एक आवाज आहे, न थांबणारा, खोल. कानापेक्षा छातीला आधी कळणारा. धाकटा थांबतो. आईकडे बघतो. मग पळत सुटतो.

त्याला धरा! पुढचा दगड निसरडा आहे.

शेवटचं वळण गेलं. समोर कातळ घोड्याच्या नालासारखा वळलाय आणि त्याच्या टोकाला, आकाशातून सुटल्यासारखी, नदी खाली येतेय. एकदम येत नाही. वर कुठंतरी ती एका कुंडात पडते, तिथं फिरते, काठ ओलांडून दुसऱ्या कुंडात, मग तिसऱ्या. सात कुंडं आहेत म्हणतात. खालून सगळी दिसत नाहीत, पण शेवटची उडी पूर्ण दिसते. पांढरं पाणी काळ्या भिंतीवरून सुटतं आणि निम्म्या वाटेत त्याचे तुषार होतात. वारा फिरला की ते तुषार थेट तुमच्या तोंडावर. तासाभराचा घाम, तीन दिवसांची धूळ, गाडीचे हिसके, सगळं एका श्वासात उतरतं. ओल्या दगडाचा, कुजलेल्या पानांचा, शेवाळाचा वास नाकात भरतो. बोललेलं ऐकू येत नाही. सगळे नुसते हसतायत.

लेकरांना मोठ्या कुंडापाशी जाऊ द्यायचं नाही. तिथं पाणी हिरवंगार दिसतं, म्हणजेच खोल आहे, आणि वरून पडणारा लोंढा माणसाला तळाशी दाबून धरतो. आजीनं जागा आधीच हेरलीय. खालच्या बाजूला, पाणी गुडघ्याएवढं आहे तिथं, सपाट कातळावर. तिनं वस्त्र वर खोचलं, पाय पाण्यात सोडले आणि कमरेच्या पिशवीतून भाजक्या मातीची खरबरीत वज्री काढली. तीन मुक्कामांची धूळ ती टाचांवरून घासून घासून काढतेय. आपली आजी आषाढी वारीत नदीवर हेच करायची, नाही का? थोरली पोट पाण्याला टेकवून पालथी पडलीय. धाकट्यानं मेंढ्याला आंघोळ घातली, मेंढ्याचं एक चाक सुटलं, वाहून गेलं, रडू झालं, मामानं बांबूच्या चकतीचं चाक करून देतो म्हणून सांगितलं, रडू थांबलं. तुम्ही पाठीवर पडून आकाश बघा. कड्यांच्या मधून दिसणारा तेवढाच निळा तुकडा, आणि त्यात पाकोळ्यांचे भिरभिरणारे थवे.

लाडू आता खा. ओल्या हातांनी खाल्लेल्या लाडवाची गोडी वेगळी असते.

उन्हं वर आली की लेण्याकडे चढायचं. कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, उंच आणि ओबडधोबड. धाकट्याला आता कडेवर घ्यावंच लागेल. वर मोठ्या चैत्यगृहासमोर आलात की आधी दर्शनी भाग बघा. तिथं दात्याचं नाव कोरलंय, वासिष्ठीपुत्र कटहादि. घरमुख, म्हणजे हा दर्शनी भाग, त्याचं दान. नावाआधी आईची ओळख लावायची ही इथली रीत. थोरलीनं बोट त्या ब्राह्मी अक्षरांच्या खाचांतून फिरवलं. तिला वाचता येतं की नाही कोण जाणे, पण तिनं सगळी ओळ फिरवली.

आत पाऊल टाकलं की ऊन बाहेर राहतं. तळव्याला दगड गार लागतो. डोळ्यांना काही दिसत नाही, मग हळूहळू खांब उभे राहतात. अष्टकोनी, दोन रांगांत, मागं स्तूपाला वळसा घालून गेलेले. छत 36 फुटांवर. आजीनं बुधल्यातलं तेल दिव्यात ओतलं. वात फुरफुरली, मोठी झाली आणि भिंतीवर हत्ती चालू लागले.

हे आज तुम्ही दहाव्या लेण्यात बघता, तेव्हा काजळी, ओरखडे आणि खरवडून लिहिलेली नावं यांतून शोधावं लागतं. इथं रंग ताजे आहेत. गेरू, काव, काजळाचा काळा, सगळं लखलखतंय. गोष्ट सहा सुळ्यांच्या हत्तीची. भिक्खू हळू आवाजात लेकरांना सांगतायत. हिमालयात एक गजराज होता. त्याच्या एका राणीनं मनात राग धरला. ती मेली, पुढच्या जन्मी काशीची राणी झाली, आणि तिनं व्याधाला त्याचे सुळे आणायला पाठवलं. व्याधाला ते कापता येईनात, तेव्हा त्या घायाळ हत्तीनं स्वतःच करवत धरली. सुळे राणीपुढं आले आणि ते बघून तिचा ऊर फुटला.

धाकट्याला हत्ती मोजायचेत. थोरली गप्प आहे. ती बराच वेळ कापलेल्या सुळ्यांकडे बघत राहते आणि मग वडलांना विचारते, शेजारच्या काकांकडे येतात ते दात कुणाचे असतात?

वडील उत्तर देत नाहीत. भिक्खू तिच्याकडे बघून मान हलवतात, बरोबर विचारलंस अशा अर्थानं. आजी कापडाची गाठोडी सोडते, भिक्खूंपुढं ठेवते, हात जोडते. काम झालं. बाहेर धबधब्याचा आवाज तसाच चालू आहे.

परतीच्या वाटेवर धाकटा खांद्यावर झोपून जाईल. त्याचे ओले पाय तुमच्या छातीवर आपटत राहतील. तुमची इथली भेट एवढीच.

आता चष्मा लावा, फोन घ्या, आणि हेही लक्षात घ्या की ही मंडळी पूर्ण पुसली गेलेली नाहीत. नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी 1973 मध्ये भोकरदनला उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. मणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या मूर्ती, सातवाहनांची नाणी, सगळं निघालं. हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भागही निघाला. तसंच काम दिसणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत सापडली आहे, आणि ती भोकरदनच्या कारागिरांची असावी असं काही अभ्यासक मानतात. सांची आणि भरहुत इथल्या स्तूपांवर भोगवर्धनच्या माणसांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातल्या एका गावची माणसं चालत, गाडीनं, लेकरांना घेऊन लांब लांब जात होती आणि आपलं नाव दगडावर ठेवून येत होती. भोकरदनच्या शाळांतल्या मुलांना पाँपेई ठाऊक नसलं तरी चालेल. आपल्या पायाखाली काय आहे, हे त्यांना ठाऊक असलंच पाहिजे.

म्हणून सांगतो, यंदा लेकरांना घेऊन जा. पावसाळ्यात किंवा तो सरताच जा, उन्हाळ्यात कुंडांवरून पडायला पाणी उरत नाही. भोकरदनहून सिल्लोडमार्गे तीन मुक्कामांचा प्रवास आता एका सकाळीत होतो. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावून बसनं लेण्यांपर्यंत जाता येतं. पोहोचल्यावर गाइडच्या मागं पळण्याआधी लेकरांना नदीकडे तोंड करून थोडा वेळ बसू द्या आणि त्यांना सांगा की आपल्या गावची पोरं इथं दोन हजार वर्षांपूर्वी भिजली होती. कुंडांच्या काठाला मात्र जाऊ देऊ नका, तिथलं पाणी आजही तेवढंच खोल आहे. खाऊचे कागद पिशवीत परत आणा. दहाव्या लेण्यात सहा सुळ्यांचा हत्ती शोधायला मुलांनाच लावा, त्यांचे डोळे तुमच्यापेक्षा तेज असतात. आणि निघण्याआधी वार बघून घ्या, सोमवारी लेणी बंद असतात.